खडकाची नोंद कोणाच्या मालकीची?

ठाणे-बोरिवली बोगद्यावरचा वाद मी पहिल्यापासून वाचतो आहे. एक बाजू सांगते, घोडबंदर रस्त्यावर माणसांचं आयुष्य सरतंय, राष्ट्रीय उद्यानाखालून १० किलोमीटरचा जुळा बोगदा झाला की हा छळ संपेल. दुसरी बाजू विचारते, तोंडाशी तोडल्या जाणाऱ्या झाडांचं काय, बिबट्यांचं काय, डोंगरातलं पाणी आटलं तर कोणाला विचारायचं? दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण या भांडणात जमिनीवरचं सगळं येतं आणि ज्याच्या पोटातून बोगदा जायचा तो खडक येत नाही. बोगदा हवा की नको हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा की वाटेतला खडक किती ठिकाणी भोक पाडून पाहिला, त्यात काय सापडलं आणि ते तुम्हा-आम्हाला पाहता का येत नाही? सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक चाचणी-बोअरची नोंद, कोअरच्या छायाचित्रांसह, निविदा निघण्याआधी सर्वांसाठी खुली झाली पाहिजे. आणि पुरेसे बोअर घेतल्याशिवाय बोगद्याचं कंत्राट निघताच कामा नये. हे माझं म्हणणं आहे, आणि ते बोगद्याच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखंच उद्देशून आहे.

चाचणी-बोअर म्हणजे शेतातली विंधन विहीर नव्हे. विहिरीच्या बोअरमध्ये हातोडा खडकाचा भुगा करतो, हवेच्या झोताबरोबर तो वर येतो आणि पाणी लागलं की काम झालं. चाचणी-बोअरमध्ये पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेला बिट असतो. तो फिरत, कापत खाली जातो आणि नळीत खडकाचा गोल दांडा उरतो. त्याला कोअर म्हणतात. दर खेपेला किती कापलं, किती हाती आलं, किती तुकडे झाले, बोअरमध्ये सोडलेलं पाणी कोणत्या खोलीवर गुल झालं, हे सगळं लिहून ठेवायचं असतं. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करून खडकाची प्रत ठरवण्याची पद्धत अमेरिकेत डीअर यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. दक्षिण आफ्रिकेत बिएनियाव्हस्की यांनी १९७३ मध्ये आणि नॉर्वेत बार्टन, लीन व लुंडे यांनी १९७४ मध्ये मांडलेली वर्गवारी याच आकड्याचा आधार घेते. छताला बोल्ट किती लांब मारायचे, शॉटक्रीटचा, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटचा, थर किती जाड द्यायचा, हे आज जगभर या वर्गवाऱ्यांवरून ठरवलं जातं. म्हणजे बोगद्यात काम करणाऱ्याच्या डोक्यावर काय असेल, ते बोअरवर उभा राहून वही भरणारा माणूस ठरवत असतो.

‘आपल्याकडे कुठे हिमालय आहे? काळा पाषाण आहे, काळजी कसली?’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलं आहे, दुर्दैवाने अभियंत्यांच्याही तोंडून. विहिरी खणणाऱ्या कोणत्याही वडाराला विचारा, तो हसेल. मुरूम संपला की मांजऱ्या लागतो, मग पाषाण, मध्येच गेरूचा तांबडा पट्टा, आणि त्याखाली पुन्हा नवं प्रकरण सुरू, हे त्याला पाठ असतं. दख्खनचा कातळ एकसंध नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले आणि प्रत्येक लोंढ्याला स्वतःचं डोकं, पोट आणि तळ आहे. दोन लोंढ्यांमधला तांबडा थर पाणी आणि हवा लागली की भुसभुशीत होतो. घट्ट काळा पाषाण दिसायला अभेद्य, पण थंड होताना पडलेल्या भेगांनी त्याचे खांब झालेले असतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. उलट पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेला बेसॉल्ट दिसायला कमअस्सल, पण त्यात भेगा जवळजवळ नसतात. मुंबईत तर याहून गुंतागुंत आहे. कान्हेरीची लेणी ज्यात कोरली तो ज्वालामुखीच्या तुकड्यांचा जमून घट्ट झालेला ब्रेशिया, मालाडकडे फिकट रंगाचे खडक, मध्येच गाळाच्या शेलचे थर, आणि हे सगळं उभं छेदत जाणाऱ्या डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती.

आता परदेशी आकडा इथे कसा फसतो ते पाहा. भेगाळलेल्या पाषाणाचा कोअर तुकडे-तुकडे होऊन येतो, गुण कमी पडतात, पण ते खांब एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की बोगद्यात तो भाग बऱ्याचदा उभा राहतो. काही ब्रेशियांचा कोअर मात्र हातभर लांबीचा, अखंड निघतो. गुण शंभरपैकी नव्वदच्या पुढे. तोच कोअर पेटीत ठेवा, काही दिवसांत त्याचा भुगा होतो, कारण त्यातला बांधून ठेवणारा माल हवेत टिकत नाही. ही स्थानिक पारख पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आर. बी. गुप्ते यांच्या पिढीने धरणांच्या पायांवर उभं राहून मिळवली आणि शिकवली. दक्षिण आफ्रिका आणि स्कँडिनेव्हियाच्या अनुभवातून आलेली वर्गवारी वाईट नाही. तिला इथल्या दगडाची जोड लागते. आणि ती जोड हजारो बोअरच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय येणार कुठून? प्रत्येक नोंद एका कंत्राटदाराच्या, एका सल्लागाराच्या, एका खात्याच्या कपाटात असेल, तर संशोधन तरी कशावर करायचं?

दुर्घटना घडल्यावर आपण काय बोलतो तेही पाहू. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची पहाट, उत्तराखंडात सिल्क्याऱ्याच्या बोगद्याचं छत कोसळलं आणि ४१ मजूर आत अडकले. १७ दिवसांनी ते सगळे जिवंत बाहेर आले. अमेरिकन ऑगर यंत्र मोडून पडल्यावर शेवटचे काही मीटर हातांनी उकरणारे खाणकामगार अवघ्या देशाचे वीर झाले, आणि ते योग्यच झालं. पण त्यानंतर चर्चा यंत्र मोठं की माणूस मोठा, यावरच अडकली. तो पट्टा कमकुवत आहे हे आधी कळण्याची व्यवस्था होती का, कळलं असेल तर कोणाला, आणि त्यावर कोणी काय केलं? हे प्रश्न टाळ्यांच्या आवाजात बुडाले. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तेलंगणात श्रीशैलमच्या जलाशयातून पाणी नेणाऱ्या बोगद्यात, तोंडापासून जवळपास १४ किलोमीटर आत, छत खचून चिखल आणि पाणी लोटलं. ८ जण गेले. तिथे खणणारं टीबीएम, म्हणजे अख्खा बोगदा कापत जाणारं यंत्र होतं. ‘आता टीबीएम आहे, सुरुंगांचे दिवस गेले’ असं सांगणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये. यंत्र समोरचा खडक कापतं, ते तो पाहत नाही. उत्तराखंडातल्या तपोवन-विष्णुगाड जलविद्युत प्रकल्पात २४ डिसेंबर २००९ रोजी टीबीएमने डोंगरातला पाण्याचा साठा फोडला तेव्हा सेकंदाला ७०० ते ८०० लिटर पाणी वाहू लागलं आणि यंत्र तिथेच अडकून पडलं. जोशीमठच्या खचण्याशी त्याचा संबंध किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण तो वाद आज मिटत नाही याचंही एक कारण हेच आहे की डोंगराच्या पोटातल्या पाण्याची आधीची मोजमापं पुरेशी नव्हती.

खडकाबद्दल न बोलण्याची ही सवय केवळ अज्ञानातून येत नाही. तिच्यामागे कंत्राटाचा व्यवहार आहे, आणि तो जुना आहे. स्वित्झर्लंडमध्ये पहिला गोठार्ड रेल्वे बोगदा १८७२ मध्ये सुरू झाला. लुई फाव्र या कंत्राटदाराने तो ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात पुरा करण्याची हमी लिहून दिली. उशीर झाला तर दिवसागणिक दंड. डोंगर आतून कसा आहे याचा अंदाज कोणालाच नव्हता, तरी त्याचा सगळा धोका एका माणसाने पत्करला. पुढे उष्णता, पाणी, फुगणारा खडक, मजुरांचा संप आणि त्यांच्यावर गोळीबार. १८७९ मध्ये फाव्र बोगद्याच्या आतच कोसळून गेला. १८८२ मध्ये गाडी धावली तोवर सुमारे २०० मजुरांचा बळी गेला होता. आज आपल्याकडच्या ईपीसी कंत्राटांत, म्हणजे आराखड्यापासून बांधणीपर्यंत सगळं एकाकडे सोपवणाऱ्या कंत्राटांत, भाषा बदलली आहे, आशय तोच: जमिनीखाली जे निघेल ते कंत्राटदाराचं. वरवर पाहता सरकारचा पैसा वाचतो. प्रत्यक्षात काय होतं? मालकाला जास्त बोअर घेण्यात रस उरत नाही, कारण धोका त्याचा नाही. निविदा भरणाऱ्याला दोन महिन्यांत बोअर घेणं शक्य नाही, म्हणून तो अंदाज बांधतो. ज्याचा अंदाज सर्वांत आशावादी, त्याची बोली सर्वांत कमी, त्याला काम. म्हणजे अज्ञानाला बक्षीस देणारी पद्धत आपणच घालून ठेवली आहे. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१९ मध्ये केवळ भूमिगत कामांसाठी वेगळा कंत्राट-नमुना काढला, त्याचा गाभाच हा आहे की खडकाचं आधारभूत वर्णन मालकाने लिहून द्यायचं आणि त्यापलीकडचं निघालं तर खर्च मालकाचा. हे मान्य केलं की मालक स्वतःहून बोअर वाढवतो.

विरुद्ध बाजूचे मुद्दे मी हलके मानत नाही. सर्वांत जड मुद्दा अनुभवी बोगदेवाल्यांचाच आहे. ते म्हणतात, बोअर म्हणजे तीन इंची भोक. दोन भोकांच्या मध्ये अख्खा भ्रंश लपून बसतो. डोक्यावर हजार मीटर डोंगर असेल तर वरून बोअर घेणंच अवघड, घेतलं तरी किती घेणार? खडक शेवटी फेसवरच, म्हणजे खोदताना समोर उघडणाऱ्या भिंतीवरच, कळतो; म्हणून खणत जा, पाहत जा, आधार बदलत जा. यात तथ्य आहे. रोहतांगखालच्या अटल बोगद्यात सेरी नाल्याचा पट्टा असेल हे ठाऊक होतं, तरीही त्या ५८७ मीटरनी कित्येक वर्षं खाल्ली. कोणत्याही तपासणीने डोंगर पारदर्शक होत नाही. पण ‘सगळं कळत नाही’ यावरून ‘जे कळू शकतं तेही नको’ असा निष्कर्ष कसा निघतो? शल्यचिकित्सक पोट उघडल्यावरच खरं काय ते पाहतो. म्हणून तो सोनोग्राफीशिवाय सुरी लावतो का?

त्याच गोठार्डकडे पुन्हा जाऊ. नवा ५७ किलोमीटरचा तळ-बोगदा आखताना वाटेत पिओरा नावाचा पट्टा येत होता. तिथला डोलोमाइट हा खडक काही ठिकाणी ओल्या साखरेसारखा, दाबाखाली असलेल्या पाण्याने भरलेला. तो बोगद्याच्या पातळीला तसाच असता तर सगळा प्रकल्पच अडला असता. त्यांनी काय केलं? मुख्य काम सुरू होण्याच्या आधी केवळ तपासणीसाठी साडेपाच किलोमीटरचा वेगळा बोगदा खणला. १९९६ मध्ये तिथून मारलेल्या बोअरमधून पाणी आणि रवाळ डोलोमाइट जोरात आत लोटला. भीती खरी ठरली होती. तरीही ते थांबले नाहीत. तिरके बोअर घेत आणखी खाली गेले आणि बोगद्याच्या प्रत्यक्ष पातळीवर तोच डोलोमाइट कोरडा आणि घट्ट असल्याचं त्यांना आढळलं. २००८ मध्ये टीबीएम तिथून सुखरूप पार झालं, २०१६ मध्ये बोगदा खुला झाला. या कामात ९ जण गेले. तोही आकडा लहान नाही, पण १८८२ च्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. डोंगर तोच, देश तोच. हजार मीटर खोलीची सबब त्यांच्याकडेही होती.

दुसरा मुद्दा पैसा आणि वेळ. अमेरिकेत १९८४ मध्ये बोगदा-तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय समितीने ऐंशीहून अधिक प्रकल्पांचे हिशेब तपासले आणि शिफारस केली की प्रकल्पखर्चाच्या सुमारे ३ टक्के रक्कम जमीन तपासण्यावर घाला आणि बोगद्याच्या प्रत्येक फुटामागे दीड फूट बोअर घ्या. दहा हजार कोटींच्या कामात तीनशे कोटी! ऐकायला ते उधळपट्टीसारखं वाटतं, हे मी मान्य करतो. पण एक टीबीएम डोंगरात वर्षभर रुतलं की व्याज, भाडं, मजुरी आणि दाव्यांचा जो डोंगर उभा राहतो, तो या तीनशे कोटींना केव्हाच मागे टाकतो. फरक एवढाच की तपासणीचा खर्च आज, आपल्या सहीने होतो. रुतण्याचा खर्च उद्या, दुसऱ्या कोणाच्या तरी कारकिर्दीत.

तिसरा मुद्दा जंगलाचा, आणि इथे मला पर्यावरणवादी मित्रांशी थेट बोलायचं आहे. वर उल्लेख आलेला तेलंगणातला बोगदा अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पाखालून जातो. वरून खडक तपासण्याला आणि मधल्या जागी आडवे बोगदे काढायला तिथे वाव नव्हता. जंगल राखायचं म्हणून ते झालं, आणि हेतूबद्दल मला आदरच आहे. पण मग ज्या बोगद्याची वाट तपासताच येत नाही, तो तिथून नेण्याला परवानगी कशी मिळते? तपासणीला मनाई आणि खोदाईला मुभा, ही कोणत्या जंगलाची राखण? ट्रॅक्टरइतक्या यंत्राने चार दिवस घेतलेलं बोअर जंगलाचं जेवढं नुकसान करतं, त्याच्या किती तरी पट नुकसान डोंगरातला पाण्याचा साठा फुटल्याने होईल. संजय गांधी उद्यानाच्या झऱ्यांची काळजी असेल तर बोअर थांबवू नका, जास्त बोअर मागा. त्यांत पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या कायम ठेवायला सांगा. काम सुरू होण्याआधी दोन पावसाळ्यांची मोजमापं मागा. झाडांच्या संख्येवर न्यायालयात जितका वेळ गेला, त्याच्या दहावा हिस्सा तरी या मागणीवर गेला असता तर विरोधाला खरी धार आली असती.

राहिला नोंदी खुल्या करण्याचा मुद्दा. अधिकारी म्हणतात, लोक अर्धवट वाचतील, एखादा ‘कमकुवत थर’ हे शब्द उचलून न्यायालयात जाईल, काम अडेल. असं होईल, होतंही. पण आज लोक काय वाचून न्यायालयात जातात? अफवा वाचून. लपवलेल्या कागदाइतका संशय कशानेच वाढत नाही. हाँगकाँगने हे फार मोठी किंमत मोजून शिकलं. १८ जून १९७२ या एका दिवशी तिथे दोन दरडींखाली १३८ माणसं गेली. १९७६ मध्ये साऊ माऊ पिंगला पुन्हा तेच घडलं. १९७७ मध्ये उतार आणि पाया यांवर देखरेख ठेवणारं स्वतंत्र कार्यालय आलं, आणि आज त्या शहरातल्या जमीन-तपासण्यांचे अहवाल एका सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन पाहता येतात. ब्रिटनच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाकडे दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक नकाशावर बोट ठेवून कोणीही उघडू शकतो. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून जमिनीखालच्या माहितीची नोंदवही कायद्यानेच आहे. दूर कशाला, आपल्याच खाण मंत्रालयाने १९ डिसेंबर २०२३ रोजी खनिज-शोधाची माहिती खुली करणारं राष्ट्रीय भांडार सुरू केलं. खनिजासाठी बोली लावणाऱ्याला खडकाची माहिती खुली असते, आणि त्याच खडकाखालून रोज प्रवास करणाऱ्याला ती बंद. याचं समर्थन कसं करायचं?

आणि आपल्याला हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी कोयनेला जाऊन यावं. १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी खालून बोगदा नेऊन शेवटची खडकाची खुंटी सुरुंगाने उडवली, पाणी बोगद्यात आलं, पोफळीच्या डोंगराला धक्का लागला नाही. २०१२ मध्ये तसंच पुन्हा केलं. खुंटीच्या जाडीचा आणि भेगांचा हिशेब चुकला असता तर दुसरी संधी नव्हती. त्याच परिसरात, भूकंपाचं मूळ शोधण्यासाठी केंद्र सरकारच्या पैशातून घेतलेल्या बोअरांनी दाखवलं की रासाटीजवळ ९३२ मीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक सुरू होतो, मध्ये गाळाचा थर नाहीच. पुढे गोठण्याला ३ किलोमीटर खोल गेले. हे सगळं शोधनिबंधांतून छापलं गेलं आणि त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. उलट कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा आठवा. बाकी मार्ग तयार असताना तिथल्या चिकणमातीने काम रखडवलं, माणसं गेली, जानेवारी १९९८ मध्ये मार्ग एकदाचा पुरा झाला. ९ जुलै २०२४ रोजी, साडेसव्वीस वर्षांनी, त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल आला आणि मुंबई-गोवा गाड्या बंद पडल्या. तिथली माती अजून तीच आहे. नव्या दुरुस्तीची आखणी करणाऱ्या तरुण अभियंत्याला १९९० च्या दशकातल्या बोअरच्या वह्या एका क्लिकवर मिळायला नकोत का?

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी एका कामावर कोअरच्या पेट्या शेडबाहेर रचलेल्या पाहिल्या होत्या. लाकडी पेट्या, बाजूला रंगाने लिहिलेली खोली. दोन पावसाळ्यांत रंग धुऊन गेला, पट्ट्या कुजल्या, कोणता कोअर किती मीटरवरचा हे कोणालाच सांगता येईना. शेवटी ते दगड रस्त्याच्या भरावात टाकले. एका बोअरला त्या काळी एका कारकुनाच्या वर्षाच्या पगाराहून जास्त खर्च येत असे; तो खर्च लोकांचा होता. तसे भराव महाराष्ट्रभर असतील. पण मुंबईपुरती एक गोष्ट अजून हातात आहे. उंच इमारत बांधणाऱ्या प्रत्येक विकासकाला पायासाठी बोअर घेऊन अहवाल तयार करावा लागतो. बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत असे हजारो अहवाल परवानगीच्या फायलींत आहेत. मेट्रोचे, पाणीपुरवठ्याच्या बोगद्यांचे, किनारी रस्त्याचे वेगळेच. नवं एकही भोक न पाडता या नोंदी एका नकाशावर आणता येतील. त्याला ना टीबीएम लागतं ना परदेशी सल्लागार. लागतो एक शासन निर्णय आणि स्कॅनरवर बसणारी काही माणसं. ठाणे-बोरिवलीच्या पुढच्या सुनावणीला, पुढच्या सभेला जो जाईल, बाजूने असो वा विरोधात, त्याने आधी आखणीवरच्या बोअरच्या नोंदी मागाव्यात, कोअरच्या छायाचित्रांसह.